भेटायला नव्हे, राहायला

नातवंडे म्हणजे दुधावरची साय, असे आपल्याकडे म्हणतात. मग पतवंडांना काय म्हणावे? सायीचे लोणी म्हणावे, की एकदम साजूक तूप? म्हणींनी याचे उत्तर दिलेले नाही, आणि त्याला कारणही आहे. ज्या काळी या म्हणी घडल्या त्या काळी पतवंड मांडीवर घेणारी माणसे गावात एखाददुसरीच असत. एखाद्या घरी तसा योग आलाच तर तो समारंभाने साजरा होई. पणतू झाला की पणजोबा-पणजीला पाटावर बसवून त्यांच्यावर सोन्याची फुले उधळण्याची रीत काही घरांतून आजही पाळली जाते. (फुले सोन्याची असल्यामुळे उधळून झाल्यावर ती मोजून डबीत ठेवण्याची रीतही तितक्याच काटेकोरपणे पाळली जाते!) पणती झाली तर मात्र ती डबी सहसा कपाटाबाहेर येत नाही. वास्तविक आपल्या भाषेने दिव्याला आणि नातवंडाच्या लेकीला एकच शब्द दिला आहे. पण भाषेचे शहाणपण माणसांच्या अंगी उतरायला वेळ लागतो. असो.

पणजी ही व्यक्ती आता पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा असतो, तेव्हा त्या काळी सगळीच माणसे तिशीत जात असत असे कोणी समजू नये. शिवाय मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत, त्यामुळे पन्नाशीतली बाईसुद्धा पणजी होऊ शके. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, १९७८ मध्ये ते १८ झाले, आणि शिक्षणाने व नोकरीने ते प्रत्यक्षात आणखी पुढे ढकलले. आज दोन पिढ्यांत पंचवीस वर्षांचे अंतर धरले तर पणजी होण्यासाठी पंच्याहत्तरी गाठावी लागते, आणि पतवंडाशी चार शब्द बोलता यावेत असे वाटत असेल तर ऐंशी ओलांडाव्या लागतात. तरीही अशा पणज्या आहेत. आपापल्या वर्गात सहज विचारून पाहावे. पणजी हयात असलेली दोन-चार मुले हमखास निघतील.

प्रश्न असा की या चार पिढ्या एका छपराखाली येतात केव्हा? लग्नकार्यात येतात, पण तेथे वृद्धांना हॉलमधल्या पहिल्या रांगेतील खुर्चीवर बसवून ठेवतात आणि त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात. घरात कोणी गेले तर येतात, त्याविषयी बोलायला नको. गणपतीला येतात, पण तेव्हा घरात देव पाहुणा असतो आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते. राहता राहिला मे महिना. आणि हा मे महिनाच हल्ली आटत चालला आहे. दीड महिन्याचा महिना झाला, महिन्याचे पंधरा दिवस झाले, आणि आता 'शुक्रवारी रात्री निघू, बुधवारी परत' इथवर येऊन ठेपले आहे. मुले गावी 'राहायला' येत, ती आता 'भेटायला' येतात. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या कोकणात या येण्याला इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातले पुरुष नेले आणि बायकामुले गावी ठेवली. परळ-लालबागच्या एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गाववाले पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि महिन्याला मनीऑर्डर करीत. त्या काळी मे महिन्यात येणारा असे तो बाप. मुंबईहून विजयदुर्ग, देवगड, मालवण अशा बंदरांना आगबोटी येत, पुढे एस.टी. आली. बिऱ्हाडासाठी खोली मिळाली त्यांनी कुटुंब मुंबईला नेले, तेव्हा येण्याची दिशा तीच राहिली पण येणारे बदलले. आता नातवंडे येऊ लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि रात्रभराचा एस.टी.तला हाडे खिळखिळी करणारा प्रवास आठ-दहा तासांवर आला. गंमत अशी की प्रवासाला जेव्हा दोन दिवस लागत तेव्हा लोक दीड महिना राहत; प्रवास एका रात्रीचा झाला आणि मुक्काम चार दिवसांवर आला!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावत गेल्या, आणि कितीतरी कामगार कायमचे गावी परतले. त्या वेळी जो चाळीस वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे, आणि ओटीवर बसून सुपारी कातरतो आहे. या माणसाचा विचार आपण कधी केला आहे काय? याने आपल्या मुलांचे बालपण पाहिलेच नाही. मूल पहिले पाऊल केव्हा टाकते, पहिला दात केव्हा पडतो, शाळेत जायला रडते की हसते, हे सारे त्याला पत्रातून कळले. त्याने मुलांशी जे बोलणे केले ते मनीऑर्डरच्या फॉर्मखाली असलेल्या चिमुकल्या तुकड्यावर, दोन ओळींत. मुलांना तो वर्षातून एकदा येणारा, खाऊ आणणारा, जरा परका वाटणारा माणूस होता. आज त्याच्या मांडीवर त्याचा पणतू येऊन बसतो, त्याच्या मिशा ओढतो, तेव्हा तो जे सुख घेतो ते केवळ म्हातारपणाचे कौतुक नव्हे. ती साठ वर्षांची थकबाकी आहे. ती चार दिवसांत कशी चुकती होणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नातवंडे आली की आजीला आनंद होतो, हे सर्वमान्य आहे. पण तो कशाचा, हे आपण नीट पाहत नाही. आपली समजूत अशी की मुलांचे चेहरे पाहून, त्यांच्या बोबड्या बोलांनी तिचे मन भरते. तसे असते तर फोनवर रोज तोंड पाहून भागले असते. मला वाटते, आजीच्या आनंदाचा मोठा भाग तिच्या हाताखाली हात मिळण्यात आहे.

मे महिना हा कोकणातल्या म्हाताऱ्या बाईचा सर्वांत कामाचा महिना. सात जूनच्या सुमारास मृग लागतो आणि त्याआधी चार महिन्यांची बेगमी घरात पडावी लागते. लाकडे फोडून मांगरात रचायची, शेणी भरायच्या, कौले चाळून घ्यायची. रातांबे काढून फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, साली उन्हात घालायच्या, त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, आणि अशी चार-सहा पुटे झाली की मग ती काळीभोर सोलां बरणीत जायची. आंब्याचा रस ताटात पसरून त्याची साठे घालायची. फणसाचे पापड लाटायचे, आठळा राखून ठेवायच्या, मिरच्या, हळद, कुळीथ, सगळे उन्हातून काढायचे. आणि हे सारे खळ्यात पसरले की कावळ्यांपासून, कोंबड्यांपासून आणि वळवाच्या एखाद्या चुकार सरीपासून राखायचे. या शेवटच्या कामाला मुलांइतके चांगले कामकरी नाहीत. काठी हातात दिली की सहा वर्षांचा मुलगा खळ्याचा फौजदार होतो.

शाळांची सुटी आणि घरची बेगमी एकाच महिन्यात आल्या, हा योगायोग असेल. पण त्या योगायोगाने कितीतरी पिढ्यांना शिकवले. आढीतला आंबा कसा ओळखायचा हे कोणी तोंडाने सांगत नाही. पेंढ्यात हात घालून, देठाकडचा वास घेऊन, अंगठ्याने दाबून नव्हे तर तळहातावर अलगद तोलून तो ओळखावा लागतो, आणि पहिले दोन-तीन कच्चे आंबे फुकट घालवल्यावर ते येते. फुकट गेलेल्या आंब्यांबद्दल आजी ओरडते. हे ओरडणे फार महत्त्वाचे आहे! चार दिवसांसाठी आलेल्या नातवाला कोणती आजी ओरडेल? ती त्याला आंबा चिरून, बशीत घालून, वर काटा ठेवून देते. तो पाहुणा झाला, आणि ती यजमानीण.

या चार दिवसांचे वर्णन थोडे करावेसे वाटते. गाडीतून माणसे उतरतात. पहिला दिवस झोपण्यात जातो. दुसऱ्या दिवशी समुद्रावर. तिसऱ्या दिवशी कुलदैवत, येताना किल्ला. चौथ्या दिवशी आंब्याच्या पेट्या बांधणे, दोरी शोधणे, 'अमक्याला एक डझन, तमक्याला दोन' असा हिशेब, आणि रात्रीची गाडी. आजी या चारही दिवसांत स्वयंपाकघरात असते. ती भाकऱ्या थापते, नारळ खवते, मासे साफ करते, 'जेवलात ना' एवढेच विचारते. माणसे निघून जातात तेव्हा तिच्या गुडघ्यांना सूज आलेली असते आणि नातवंडांशी दहा वाक्यांपलीकडे बोलणे झालेले नसते. लोक म्हणतात, म्हातारीला किती आनंद झाला! झाला असेलही. पण तो तिने कमावला किती आणि तिला दिला किती, हे पाहायला हवे.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलून टाकतो. पूर्वीची दीड महिन्याची सुटी आपण आठवतो तेव्हा तिच्या पोटात असलेले बायकांचे कष्ट विसरतो. वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे जेवण, चहा, पाणी, विहिरीवरून कळशा, मुलांचे कपडे, हे सारे घरची सून करीत असे. सासरी राहिलेल्या या बाईला स्वतःच्या माहेरी जाण्याचा हाच महिना. पण नणंदा माहेरपणाला आल्यामुळे तिचे माहेर राहून जाई. एकीचे माहेरपण दुसरीच्या पाठीवर उभे होते. तेव्हा 'पूर्वीसारखे राहायला या' असे जे म्हणायचे, ते पूर्वीच्याच पद्धतीने म्हणता येणार नाही. राहायला यायचे म्हणजे कामाला हात लावायचा. आणि तो फक्त लेकींनी नव्हे, लेकांनी आणि जावयांनीसुद्धा. चूल आता बहुतेक घरी गॅसची आहे, पाणी नळाला किंवा पंपाने येते, त्यामुळे जावईबापूंना घाबरण्याचे कारण नाही. जो भेटायला येतो त्याला चहाचा कप हातात द्यावा लागतो. जो राहायला येतो त्याला कप कोठे ठेवले आहेत ते ठाऊक असते, धुवायचे कोठे तेही.

आजीचा आनंद हा असा कामाशी बांधलेला आहे. पणजीचे मात्र निराळे. साठ-पासष्टची आजी अजून घराचा गाडा ओढत असते. नातू पडला तर तिला लागते, नापास झाला तर तिला झोप येत नाही. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पणजीच्या हातून कामे सुटलेली असतात आणि तिला कोणी काही विचारतही नाही. आणि इथेच तिची पतवंडाशी गट्टी जमते. नीट पाहिले तर चार वर्षांचे मूल आणि पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी यांचा दिनक्रम एकच असतो. दोघेही पहाटे उठून बसतात आणि बाकीचे घर उठण्याची वाट पाहतात. दोघांनाही मऊ भात लागतो. दोघेही दुपारी झोपतात, दोघांनाही 'उन्हात जाऊ नका', 'पायरी सांभाळा' असे दिवसभर ऐकावे लागते, आणि दोघांचेही म्हणणे कोणी पुरते ऐकून घेत नाही. अशा दोन माणसांची मैत्री झाली नाही तरच नवल.

भाषेची अडचण येईल असे वाटते, पण ती फारशी येत नाही. आमच्या घरी एक पणतू बंगलोरहून येतो. त्याला मराठी समजते, पण बोलताना त्यात इंग्रजी आणि थोडे कानडी मिसळते. पणजी मालवणीखेरीज दुसरे काही बोलत नाही. "इतको वेळ खंय होतंस रे?" असे तिने विचारले की तो 'खंय' या शब्दावर बेहद्द खूश होतो आणि दिवसभर सर्वांना 'खंय, खंय' करीत हिंडतो. पहिले चार-पाच दिवस त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. सुरकुतलेल्या हातांची त्याला थोडी भीती वाटत असावी. आठवडा उलटल्यावर एका दुपारी तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तिच्या मनगटावरचे गोंदण बोटाने पुसून पाहू लागला. ते पुसले जात नाही म्हटल्यावर प्रश्न सुरू झाले. ते कोणी काढले, दुखले का, रडलीस का, आणि शेवटी 'मोठ्या आजी, तुझे खरे नाव काय?'

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते आणि पुष्कळदा नावही बदलते. मग ती कोणाची तरी सून होते, कोणाची आई, आजी, पणजी. तिचे माहेरचे नाव हाक मारणाऱ्या माणसांबरोबर संपते. आमच्या घरातल्या आम्हा नातवंडांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. पणजीने ते त्या मुलाला सांगितले. गेल्या सत्तर वर्षांत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नसेल; तो मुलगा पुढे आठवडाभर मारीत होता, आणि ती ओ देत होती. हे घडले ते त्याच्या मुक्कामाच्या दहाव्या-बाराव्या दिवशी. पाचव्या दिवशी तो परत गेला असता तर?

पणजी असलेल्या घरात मुलांना आणखी एक गोष्ट पाहायला मिळते, जी दुसरीकडे कोठेही मिळत नाही. त्यांची आजी तेथे कोणाची तरी मुलगी असते. पासष्ट वर्षांची बाई, शहरात जिच्या शब्दाला सगळे घर वचकून असते, ती माहेरी येते आणि तिची नव्वदीकडे झुकलेली आई खाटेवरून तिला हटकते, "गो, उन्हात खंय चललंस? चक्कर येतली!" आणि आजीबाई मुकाट्याने मागे फिरतात, वर डोक्यावर पदरही घेतात. हे दृश्य पाहून तिच्या नातवाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आजीलाही कोणी ओरडू शकते! आजीही कधी झाडावरून पडली होती, तिनेही शाळा बुडवली होती, तिलाही गणित येत नव्हते, ही माहिती पणजी मोठ्या उत्साहाने पुरवते. मूल त्या क्षणी जे शिकते ते आम्ही वर्गात 'काळ' या विषयावर कितीही व्याख्याने ऐकली तरी शिकत नाही. आपल्याआधी जग होते, आणि त्या जगात आजी लहान होती. आणि आजीला काय वाटत असेल? नातवंडांच्या देखत ओरडा खाताना ती वरवर चिडते. पण घरात आपल्याला ओरडणारे माणूस अजून आहे याचे सुख तिच्या चेहऱ्यावर लपत नाही.

धर्मशास्त्राने श्राद्धात पिंड सांगितले ते पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना. मिताक्षरा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क पणतूपर्यंत आणून सोडला (मुलींना तो बरोबरीने मिळायला २००५ साल उजाडावे लागले). आठवणीची आणि हक्काची सीमा दोघांनीही पणजोबा-पणतू या नात्यावरच का आखली असेल, याची कारणे पंडित सांगतील. मला एवढेच दिसते की एका अंगणात जिवंतपणी जेवढ्या पिढ्या भेटू शकतात तेवढ्यांचाच हिशेब त्यांनी ठेवला आहे. सातबाऱ्यावर पतवंडांची नावे यथाकाल चढतील. ज्या फणसाखाली ती नावे चढणार तो कापा की बरका, हे मात्र त्यांना ठाऊक नसेल, आणि मग ती जमीन विकताना कोणाचाही हात थरथरणार नाही. आमच्या भागात आंब्याच्या बागा आणि घरे विकली जाण्याची जी लाट आली आहे, तिची कारणे आर्थिक आहेत हे मी जाणतो. पण ज्या जमिनीवर बालपणीचे दहा मे महिने गेले ती विकणे आणि जी केवळ कागदावर पाहिली ती विकणे, यांत फरक असणारच.

या म्हणण्यावर आक्षेप पुष्कळ आहेत. पहिला उकाड्याचा. तो खराच आहे. मे महिन्यातला कोकणचा घाम शहरातल्या मुलांना सोसत नाही, डास चावतात, साप निघतात, वीज जाते, मोबाइलला रेंज नसते. दुसरा आक्षेप आईवडिलांच्या रजेचा. दोघेही नोकरी करणारे. महिनाभर रजा कोण देणार? तिसरा अभ्यासाचा. दहावीच्या वर्षाचे वर्ग एप्रिलपासूनच सुरू होतात, पोहण्याची आणि चित्रकलेची शिबिरे असतात, आणि शिबिरात न गेलेले मूल मागे पडते अशी एक भीती पालकांच्या मनात कोणी घातली आहे. (निसर्गात रमण्याची शिबिरेही निघाली आहेत. झाडावर चढायला आणि मातीत खेळायला शुल्क भरावे लागते!) चौथा आक्षेप हुशार लोकांचा, की आजी-आजोबांनीच शहरात यावे. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास राज्यात विनामूल्य झाला आहे, मग अडचण काय?

चौथ्याचे उत्तर सोपे आहे. शहरातल्या घरात म्हाताऱ्या माणसाला करण्यासारखे काही नसते. गॅस पेटवायचा लायटर निराळा, दाराचे कुलूप निराळे. खाली उतरले तर परत कोणत्या मजल्यावर यायचे याची धास्ती. गावी जी बाई पंचवीस माणसांवर हुकूम चालवते ती तेथे टीव्हीसमोर सोफ्याच्या कडेला बसून राहते. नातवंडे दिवसभर शाळेत आणि वर्गांत. तेथे ती पाहुणी. पाहुणेपण बाजू बदलते, संपत नाही.

रजेच्या अडचणीला मात्र उत्तर द्यायला हवे, कारण ती खरी आहे. मुलांबरोबर आईवडिलांनी राहिलेच पाहिजे हे कोणी ठरवले? पूर्वी मुलांना गावच्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून देत. तेवढाही सोबती नसेल तर एस.टी.च्या कंडक्टरला सांगून बसवीत. आज तसे करा असे मी म्हणणार नाही. पण एका शनिवारी नेऊन सोडावे आणि तीन आठवड्यांनी येऊन न्यावे, हे कोणत्या नोकरीत बसत नाही? दोन-तीन चुलत-मावस भावंडे एकत्र असली की ती एकमेकांना सांभाळतात, घरच्या माणसांना त्रासही कमी देतात. मुले कंटाळतील, ही धास्ती पालकांना फार असते. कंटाळू देत की! नव्याची नवलाई आठवडाभरात ओसरते, खेळ संपतात, दुपार लांबते. आणि मग करण्यासारखे काहीच उरले नाही म्हणून मूल पणजीच्या खाटेवर जाऊन बसते. फोनवर ही सोय नाही. फोनवर सतत काहीतरी बोलावे लागते. 'जेवलास का', 'शाळा काय म्हणते', 'बरं, ठेवू का' एवढ्यात तो संपतो. फोनचे उपकार मी नाकारीत नाही. रोज दिसल्यामुळे मूल आजीचा चेहरा ओळखून येते, पूर्वीसारखे पहिले दोन दिवस दाराआड लपत नाही. पण फोनवर दोघांना मिळून गप्प बसता येत नाही, आणि म्हातारी माणसे पुष्कळसे गप्प राहूनच बोलतात.

आतापर्यंत मी मुलांविषयी आणि पालकांविषयी लिहिले. पण हा अंक वाचणार आपण, आणि आपणही कोणाची तरी नातवंडे आहोत. बारावी झाली की आपण गावी राहायला जाणे सोडतो. विद्यापीठाच्या परीक्षा लांबतात, सुटीत नोकरी पाहायची असते, आणि खरे सांगायचे तर तेथे करमत नाही. शाळकरी मुले निदान आईवडिलांच्या इच्छेने जातात. आपण आपल्या इच्छेने न जाणारी पहिली माणसे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण उत्साहाने करतो. दत्तक गावात जातो, रस्ता झाडतो, वही घेऊन वृद्धांची पाहणी करतो, 'आपले शिक्षण किती, आपणास कोणता आजार आहे, आपली मुले कोठे असतात' असे प्रश्न विचारतो आणि उत्तरे रकान्यांत भरतो. काम चांगले आहे, त्याची चेष्टा करायची नाही. पण आपल्या स्वतःच्या आजीला हे प्रश्न आपण कधी विचारले आहेत का? तिच्या घरात सलग सात दिवस आपण शेवटचे केव्हा राहिलो? इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक आम्हाला प्रकल्पासाठी विषय शोधायला सांगतात, तेव्हा गिरणीत तीस वर्षे काढलेला म्हातारा ओटीवर बसलेला असतो आणि आम्ही ग्रंथालयात गिरणी संपावरची पुस्तके शोधीत असतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या घरी महिनाभर राहून केलेली नोंद प्रकल्प म्हणून स्वीकारावी, अशी माझी आपल्या प्राध्यापकांना विनंती आहे. गुण थोडे कमी दिले तरी चालतील.

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्यात 'अपत्य' या शब्दात मुलगा-मुलीबरोबर सज्ञान नातू आणि नातही धरली आहेत. म्हणजे आपल्या वर्गातली जवळजवळ सर्वच मुले-मुली या कायद्याच्या व्याख्येत बसतात. आजी-आजोबांना पोटगी देण्याची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. महिनाभर त्यांच्याकडे जाऊन राहण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही, आणि करूही नये. ती करता येत असती तर पाहुण्यांत आणखी एका नाखूष पाहुण्याची भर पडली असती.

तेव्हा आपणच ठरवायचे. या वर्षी परीक्षा संपल्यावर ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे, आणि घरातल्या लहान भावंडांना बरोबर न्यावे. पालकांच्या रजेचा प्रश्नही त्याने सुटतो. व्यवहाराची एक माहिती द्यायची राहिली. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तिकिटे मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघतात. सकाळी आठ वाजता खिडकी उघडते आणि कोकणच्या गाड्यांची यादी पाहता पाहता भरते. परतीचे तिकीट लगेच काढायची घाई करू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, एस.टी. मिळते.